कानसेनांच्या घरातला सबवूफर

धंद्यातले लोक माझ्या भाऊजींना कानसेन म्हणायचे. मागे नाही, तोंडावर, आणि भाऊजींना ते आवडायचं. हे नाव त्यांना कुणी दिलं ते मला ठाऊक नाही. माझा संशय असा की त्यांनी स्वतःच ते एकदा कुठेतरी सोडून दिलं आणि फिरत फिरत ते आपल्याकडे परत येईल याची तजवीज केली. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लोकांच्या घरी गाणी ऐकायची यंत्रणा बसवून द्यायची हा त्यांचा धंदा, आणि त्यांच्या मागे शिडी, ड्रिल मशीन आणि वायरचं भेंडोळं घेऊन चालायचं हा माझा. बावीस वर्षं मी हे केलं. तेव्हा मी जे सांगतोय ते ऐकीव नाही.

कान मात्र त्यांना होते, हे कबूल करायला हवं. स्पीकरचा कागदी पडदा कडेला केसभर फाटला असला तरी ते दारातूनच सांगत. एकदा एका वकिलाच्या घरी दोनपैकी एका स्पीकरची वायर उलटी जोडली गेली. चूक माझी होती. भाऊजी जिन्यात चपला काढता काढताच म्हणाले, डावा उलटा आहे. वकीलसाहेब थक्क झाले आणि मी मान खाली घालून वायर बदलली. अशा गोष्टी सांगितल्या जातात, पसरतात, आणि मग माणसाच्या चालण्यात त्याचा परिणाम दिसायला लागतो. भाऊजी पन्नाशीतच जरा मागे झुकून चालायला लागले होते.

पुढे सबवूफरचे दिवस आले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या स्पीकरला फार खालचे, जाड आवाज पेलत नाहीत. त्या कामाला वेगळा डबा लागतो, तो सबवूफर. त्यातला पॉवर्ड म्हणजे ज्याच्या पोटातच स्वतःचा अॅम्प्लिफायर असतो. भिंतीतून वीज घ्या, मुख्य यंत्राकडून एक वायर आणा, मागची दोन बटणं फिरवा, झालं. दुकानदार एवढंच सांगतो. भाऊजी म्हणायचे, जोडणं हे दहा मिनिटांचं काम, ठेवणं हे दिवसाचं. यात त्यांचं काही खोटं नव्हतं. जाड आवाज खोलीत सगळीकडे सारखा पसरत नाही. भिंतींवर आपटून तो काही जागी साचतो आणि काही जागी पार नाहीसा होतो. एकाच्या छातीत धडधड होत असते आणि चार हातांवर बसलेला विचारतो, चालू केलंय ना?

यावर भाऊजींचा एक तोडगा होता आणि त्या तोडग्यावरच त्यांचं नाव झालं. घरात शिरल्या शिरल्या ते विचारत, ऐकणार कोण आणि बसणार कुठे? मालकाने खुर्ची दाखवली की मालकाला उठवायचं आणि सबवूफरचा डबा त्या खुर्चीत बसवायचा. तो उचलायचा मी. मग एक संथ, जाड सुरांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत ठेवायचा, आणि भाऊजी पँट वर सरकवून चार पायांवर येत आणि भिंतीकडेने रांगायला लागत. कान जमिनीपासून हातभर उंच. त्यांचा नियम साधा होता: डबा खुर्चीत आणि माणूस कोपऱ्यात, किंवा माणूस खुर्चीत आणि डबा कोपऱ्यात, ऐकू येतं ते सारखंच. रांगताना जिथे आवाज गोड लागेल तिथे खडूने फुली मारायची आणि डबा तिथे ठेवायचा. त्यांच्या कामाच्या पँटींना गुडघ्यावर ताईने आतून जाड कापडाची ठिगळं लावून दिली होती.

घरमालकाची पोरं आधी खिदळत. मालकीणबाई तोंडावर हात धरून आत जात. मग हळूहळू सगळे गप्प होत, कारण माणूस खरंच काहीतरी ऐकत होता. रांगून झालं की भाऊजी उठून गुडघे झटकत आणि फुलीकडे बोट दाखवत. पहिल्या दहा मिनिटांत त्यांना जागा कळलेली असे, हे मला त्यांच्या खांद्यांवरून समजायचं. उरलेला अर्धा तास ते लोकांसाठी रांगत. बघणारं कुणी असलं की त्यांच्या गुडघ्यांना बळ येई.

स्वतःच्या घरात मात्र ते कधी रांगले नाहीत.

त्यांचा हॉल चौदा फूट लांब आणि अकरा फूट रुंद. समोरच्या भिंतीशी दोन स्पीकर. हॉलच्या बरोबर मध्यावर त्यांची खुर्ची, टेपने मोजून ठेवलेली. चार पायांखाली फरशीवर रंगाचे चार ठिपके, म्हणजे झाडताना सरकली तर परत जागेवर यावी. मागच्या भिंतीशी, स्वयंपाकघराच्या दाराला लागून, ताईचं शिलाई मशीन. खिडकीचा उजेड तिथे पडायचा म्हणून. ताई एका कपड्यांच्या दुकानासाठी शिवायची. शाळेचे गणवेश, हॉस्पिटलचे कोट, कॉलर, बाह्या. सकाळी नवाला बसायची ती दिवेलागणीपर्यंत. दिवसाचे दहा तास तिचं तोंड नवऱ्याच्या खुर्चीच्या पाठीकडे असायचं.

अठरा वर्षांपूर्वी भाऊजींनी स्वतःसाठी सबवूफर आणला. त्याच्याआधी त्यांनी समोरच्या भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात त्याच्यासाठी सुताराकडून कपाट करून घेतलं होतं, पॉलिश केलेलं, जाळीच्या दाराचं. डबा घरात यायच्या आधी त्याची जागा ठरली होती. मी विचारलं, रांगायचं नाही का? ते म्हणाले, माझ्या घरात मला रांगायची गरज नाही. मी डबा कपाटात सरकवला, वायर जोडली, आणि ते खुर्चीत बसले. पहिल्या वेळेला म्हणाले, पातळ आहे, वाढव. मी मागचं बटण फिरवलं. अजून. अजून थोडं. तीन चतुर्थांश फिरलं तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली.

मागून ताई म्हणाली, "काहीतरी घुमतंय."

भाऊजींनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "संगीत आहे ते. त्याला कान लागतात."

मी हसलो. त्या दिवशी मी हसलो हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर पुढचं सगळं एकट्या भाऊजींच्या माथी मारून मी मोकळा होईन.

घडत होतं ते एवढंच. त्या कोपऱ्यातून निघालेला जाड आवाज खोलीच्या मध्यावर नाहीसा होत होता आणि दोन्ही टोकांच्या भिंतींशी साचत होता. भाऊजी बरोबर मध्यावर. त्यांना कमी वाटे म्हणून ते वाढवत, आणि वाढवलेलं सगळं ताईच्या पदरात पडे. दुसऱ्या कुणाच्याही घरी ही गोष्ट त्यांना चपला काढता काढता कळली असती.

बरं, हे काही संध्याकाळी दोन तास गाणी ऐकण्यापुरतं नव्हतं. भाऊजी घरी स्पीकर दुरुस्तही करत. नवा बसवलेला पडदा कडक असतो, तो सैल पडावा म्हणून त्यावर दिवसचे दिवस जाड सूर बारीक आवाजात वाजत ठेवावे लागतात. ते सूर त्यांच्या घरच्याच यंत्रणेतून जात, आणि सबवूफर त्यांच्याबरोबर वाजत राही. खुर्चीत बसलं तर काही नाही, एखादा पंखा चालू असावा इतपत. मागच्या भिंतीशी मात्र सकाळी नवापासून ते घुमणं चालू. ताई बाजारात गेली की तिला बरं वाटे. तिला वाटायचं, मोकळी हवा लागते म्हणून.

सुरुवातीला ती भांडली. टाचण्या ठेवायला तिची एक बशी होती. एकदा तिने भाऊजींना हाताला धरून मशीनपाशी आणलं आणि दाखवलं: बशीतल्या टाचण्या हळूहळू एका कडेला सरकत होत्या, आपोआप. भाऊजी वाकून बघत राहिले. मग म्हणाले, मशीनचे पाय सैल झालेत. ताई म्हणाली, मशीन बंद आहे. मग ट्रक गेला असेल, असं म्हणून त्यांनी पुठ्ठ्याची घडी करून मशीनच्या पायाखाली सारली आणि खुर्चीत जाऊन बसले. मी तेव्हा तिथेच वायर गुंडाळत होतो. रस्त्यावरून ट्रक गेला नव्हता.

वर्ष दोन वर्षं ती म्हणत राहिली, घरात घुमतं. पाहुण्यांना विचारायची, तुम्हाला येतोय का हो आवाज? पाहुण्यांना मधल्या खुर्चीशेजारी बसवलं जायचं. त्यांना काही ऐकू येत नसे, आणि आलं असतं तरी कानसेनांच्या घरी बसून त्यांच्या आवाजाला नावं ठेवायची कुणाची छाती होती? भाऊजी हसून सांगत, आमच्या हिला कान नाहीत, देवाने नुसते दागिने लटकवायला दिलेत. लोक हसत. ताई चहा ठेवायला आत जाई. आणि मग केव्हातरी, नेमकं केव्हा ते मला सांगता येणार नाही, तिने घरात घुमतं म्हणायचं सोडलं आणि म्हणायला लागली, माझ्या डोक्यात घुमतं. माझा सगळा राग त्या एका वाक्यावर आहे. टाचण्या डोळ्यांसमोर सरकत असताना माझ्या बहिणीने मान्य केलं की बिघाड तिच्यात आहे.

मग डॉक्टर सुरू झाले. कानाच्या डॉक्टरांकडे मी आणि भाऊजी दोघंही बरोबर गेलो होतो. त्यांनी कान तपासले, काचेच्या खोलीत बसवून सूर ऐकवले. ताईचे कान चांगले निघाले. त्या वयाला असावेत त्यापेक्षा चांगले, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, घरात किंवा कामाच्या ठिकाणी कसला सततचा आवाज असतो का? प्रश्न ताईला होता. उत्तर भाऊजींनी दिलं.

"माझ्या घरात? अहो डॉक्टर, मी त्याच धंद्यातला. असता तर मला आधी कळला नसता का?"

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं. ताईने नवऱ्याच्या म्हणण्याला मान डोलावली. मग त्यांनी नसांच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी घुमणं गेलं नाही, झोप मात्र यायला लागली. तिने एका गणवेशाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. दुकानवाल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी काही म्हटलं नाही, पण बारीक काम दुसरीकडे द्यायला लागल्या. तीस वर्षांत जिची एक शिवण उसवली नव्हती तिच्याकडे आता नुसते पडदे आणि उशांचे अभ्रे येत. गोळ्या तिने अकरा वर्षं घेतल्या.

आता माझं सांगतो. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी मी भाऊजींची वाट बघत बसलो होतो. शर्टाचं बटण तुटलं होतं. ताई भाजी आणायला गेली होती म्हणून मीच सुईदोरा शोधायला तिच्या स्टुलावर बसलो. हॉलमध्ये कुठलातरी दुरुस्त केलेला स्पीकर बारीक आवाजात चालू होता. बसलो, आणि माझे दात घुमायला लागले. खरंच दात. मग कानशिलं, मग डोळ्यांच्या मागे कुठेतरी. मी उठलो तर कमी. बसलो तर पुन्हा. बावीस नाही, तेव्हा तेरा वर्षं मी या धंद्यात होतो. काय आहे ते मला एका मिनिटात समजलं. बटण लावेपर्यंत मी तिथे बसू शकलो नाही.

भाऊजी आंघोळ करून आले. मी त्यांना सांगणार होतो. वाक्य तोंडाशी आलं होतं. पण मग मला दिसलं की ते काय म्हणतील: तूही कान दाखवून घे. आणि त्यानंतर दर घरी, दर मालकासमोर ते मला त्यावरून चिडवत राहतील. शिवाय त्यांच्या शब्दावर माझं सगळं काम उभं होतं. मी मूग गिळून बसलो. बाहेर पडताना ताई जिन्यात भेटली, हातात भाजीची पिशवी. तिने विचारलं, चहा घेतलास का? मी घेतला म्हणालो आणि खाली उतरलो. सांगू सांगू म्हणता त्याला नऊ वर्षं झाली. कुणी मला अडवलं नव्हतं.

यंदा दुकानवाल्या बाईंकडे गणवेशांची मोठी ऑर्डर आली आणि माणसं कमी पडली. त्यांनी ताईला विनवलं, दहा दिवस दुकानामागच्या खोलीत राहायलाच या, दोघी मिळून उरकू. ताई पिशवीत चार कपडे घेऊन गेली. गडबडीत गोळ्यांची डबी घरीच राहिली. चौथ्या दिवशी तिचा मला फोन आला. आवाज इतका हळू होता की मला वाटलं आजारी पडली. ती म्हणाली, डोकं शांत आहे. कालपासून आहे. मी कुणाला सांगितलं नाही, परत सुरू होईल म्हणून भीती वाटते.

ते परत सुरू झालं नाही. सातव्या दिवशी ती काहीतरी आणायचं निमित्त करून घरी गेली आणि आपल्या स्टुलावर बसली. पाचच मिनिटं. घुमायला लागलं तशी उठली, गोळ्यांची डबी तिथेच ठेवली आणि दुकानामागच्या खोलीत परत गेली. दहा दिवस झाले, वीस झाले, ती आली नाही. भाऊजींनी मला पाठवलं. ती मशीनवरून नजर न काढता बोलली. डबा काढून टाका, असं तिचं म्हणणं नव्हतं. गाणी बंद करा, असंही नव्हतं. तिने एकच गोष्ट मागितली.

"ह्यांनी एकदा माझ्यासमोर म्हणावं, की आवाज होता. तुझ्या डोक्यात नव्हता, घरात होता. बस. त्या दिवशी मी येते."

मी हा निरोप शब्दाला शब्द पोचवला. भाऊजींनी तो उभ्यानेच ऐकला. त्यांना ती परत हवी होती, यात मला शंका नाही. महिनाभरात त्यांचं तोंड लहान झालं होतं, स्वतःच्या हाताने चहा करायचे आणि कप विसळायचे राहून जायचे. पण नसलेली गोष्ट होती असं म्हणायचं, तेही आवाजाच्या बाबतीत, तेही त्यांनी? शेवटी म्हणाले, रविवारी सकाळी ये. आवाज नव्हता हे आपण तिला सिद्ध करून दाखवू. तू साक्षीला.

रविवारी दहा वाजता मी गेलो तर त्यांनी ठिगळांची पँट घातलेली होती. कपाटातून डबा आम्ही बाहेर काढला. ताईचं मशीन बाजूला सारलं आणि डबा तिच्या स्टुलावर ठेवला. अठरा वर्षांत पहिल्यांदा या घरात विचारलं जात होतं की ताई बसते कुठे. मी तो नेहमीचा संथ तुकडा लावला. भाऊजी चार पायांवर आले. आता ते सदुसष्टचे, गुडघे वाजले. स्वयंपाकघराच्या दारापासून निघून लांब भिंतीच्या कडेने ते पुढे गेले, आणि भिंतीच्या मध्यावर पोचले तेव्हा थांबून माझ्याकडे वळून बघितलं. म्हणाले, बघ, काही नाही इथे. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद होता. मग ते पुढे निघाले, समोरच्या कोपऱ्याकडे, आणि रिकाम्या कपाटात त्यांनी डोकं घातलं.

तिथेच ते थांबले. मला त्यांची पाठ आणि तळपाय तेवढे दिसत होते. जाळीचं दार थरथरत होतं. तुकडा संपला, पुन्हा सुरू झाला. ते हलले नाहीत. डबा खुर्चीत आणि माणूस कोपऱ्यात. आपला नियम त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाहेर आले तेव्हा केसांना लाकडाचा भुसा लागला होता. म्हणाले, कपाट घुमतंय, लाकडाचा दोष. आम्ही चार स्क्रू काढून कपाट उचलून गॅलरीत ठेवलं. ते पुन्हा रांगत गेले आणि उघड्या कोपऱ्यात, दोन भिंतींच्या सांध्याशी कान नेऊन बसले. या खेपेला जास्त वेळ. मग हाताने खूण केली, बंद कर.

ते तिथेच फरशीवर भिंतीला पाठ लावून बसून राहिले. मला वाटलं आता रडतील. त्यांनी विचारलं, ती दिवसाचे किती तास बसायची तिथे? मी म्हणालो, दहा. त्यांनी मान हलवली. मी तेव्हा बोलायला हवं होतं आणि तेव्हाही बोललो नाही.

मग त्यांनी डबा लांब भिंतीच्या मध्यावर ठेवायला सांगितला, जिथे त्यांना काही ऐकू आलं नव्हतं तिथे. ताईच्या स्टुलावर मी बसून बघितलं. काही नाही. भाऊजी खुर्चीत बसले आणि बटण निम्म्यावर आणूनही आवाज भरून आला, अठरा वर्षांत आला नव्हता तसा. दोघांच्याही वाट्याला चांगला. डबा सात फूट सरकवायचा होता, एवढंच काम होतं. भाऊजींनी ते गाणं पुरतं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानामागच्या खोलीत गेलो. एक खिडकी, एक पलंग, कापायचं टेबल आणि मशीन. ताईच्या हाताखाली पांढऱ्या कोटाची कॉलर होती. बारीक काम पुन्हा यायला लागलं होतं. तिने भाऊजींना पलंगावर बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि समोर उभी राहिली. ती वाट बघत होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मीही वाट बघत होतो. ज्याने काल तास दीड तास कोपऱ्यात कान लावला तो माणूस आता एक वाक्य बोलेल आणि आपण तिघं घरी जाऊ, असं मला खरंच वाटत होतं.

भाऊजी खोलीच्या लांबीबद्दल बोलायला लागले. चौदा फूट ही लांबीच वाईट. घर बांधणाऱ्याला अक्कल नसते. जाड सूर दोन भिंतींमध्ये कसे येरझाऱ्या घालतात ते त्यांनी हाताने करून दाखवलं. कपाटाचं लाकूड हलकं निघालं, सुताराने फसवलं. ते छान बोलत होते. गिऱ्हाइकांशी बोलायचे तसंच. शेवटी म्हणाले, डबा मी सात फूट सरकवलाय, आता तुझ्या बशीतली एक टाचणी हलणार नाही, चल घरी.

ताई म्हणाली, "म्हणजे आधी हलत होत्या."

"मी तसं म्हणालो नाही."

"मग काय म्हणालात?"

"तसं थोडंफार असेल. प्रत्येक खोलीत असतं. प्रत्येकाच्या सोसण्यावर असतं ते." असं म्हणून त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. ग्लास रिकामा होता, तो त्यांनी तसाच तोंडाला लावला.

ताईने त्यांच्याकडे बघायचं सोडलं आणि माझ्याकडे वळली. म्हणाली, तू होतास ना काल? तू सांग. होता का आवाज?

"होता, ताई. तुझ्या डोक्यात नव्हता. घरात होता."

तिचा चेहरा क्षणभर इतका मोकळा झाला की मला ती लग्नाआधीची दिसली. डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसलीही. मग तिने साधंच विचारलं, काल कळलं तुला? एक हो म्हणायचं होतं. भाऊजींनी मान डोलावली असती, कुणाला पत्ता लागला नसता. पण तो हसरा चेहरा बघून मला खोटं बोलवेना. मी म्हणालो, नाही ताई. नऊ वर्षं झाली. एकदा बटण लावायला तुझ्या स्टुलावर बसलो होतो.

ती ओरडली नाही. कॉलर उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि परत टेबलावर ठेवली. बोलायला लागली तेव्हा आवाज अगदी रोजचा होता.

"ह्यांची खुर्ची मध्ये होती. ह्यांना ऐकूच आलं नाही, असं मी म्हणू शकते. तुला आलं होतं."

मग ती मशीनवर बसली आणि पायाखालचं बटण दाबलं. आम्ही दोघं आणखी थोडा वेळ तिथे होतो. तिने मान वर केली नाही.

दुकान पहिल्या मजल्यावर होतं. उतरताना जिन्यात भाऊजी माझ्या पुढे होते. अर्ध्यावर थांबून, मागे न वळता म्हणाले, तू तेव्हाच सांगायला हवं होतंस. त्यांच्या आवाजात हायसं वाटल्याचा सूर मला ऐकू आला, आणि मला त्यांना तिथून खाली ढकलून द्यावंसं वाटलं. पण ते बोलत होते त्यात चूक काही नव्हती.

भाऊजी आता गाणी लावत नाहीत. ताई दुकानामागच्या त्या खोलीतच असते. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळेला तिने चहा केला, तब्येतीची चौकशी केली, आणि मी निघालो तेव्हा पुन्हा ये म्हणाली नाही.